मालवणच्या वाऱ्यात कोणता गॅस स्टोव्ह?

पाठीवर नेता येणाऱ्या छोट्या गॅस स्टोव्हची माहिती वाचायला घेतली की पहिला प्रश्न थंडीचा येतो. बर्फात पेटेल का, उंचावर दाब राहील का? हिमालयात जाणाऱ्याने तो जरूर विचारावा. आचरा ते वेंगुर्ला या पट्ट्यात मुक्काम करणाऱ्याला मात्र त्याचं काही पडलेलं नाही. इथे स्टोव्हला छळतात ते वारा, वाळू आणि ऊन.

थंडीचा प्रश्न इथे का निकाली निघतो, ते आधी पाहू. डब्यातला गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. चावी उघडली की वर साठलेला वायू बाहेर पडतो आणि खालचा द्रव उकळून त्याची जागा भरतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, तर प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून थंड मुलखासाठीच्या महाग डब्यांत प्रोपेनचं मिश्रण असतं. मालवणात नुसता ब्यूटेन बारा महिने चालतो, आंबोलीच्या थंडीतही. द्रव उकळताना डब्याचीच उष्णता घेतो, त्यामुळे दमट हवेत चालू डब्यावर दव धरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डबे दोन प्रकारचे मिळतात. एक बुटका, घुमटाच्या आकाराचा, डोक्यावर आटे असलेला. दुसरा उभट, स्प्रेच्या डब्यासारखा दिसणारा, जो टेबलावरच्या चपट्या शेगडीत आडवा बसतो. उभट डबा स्वस्त आणि सहज मिळणारा. तो शेगडीत बसवताना त्याच्या कडेची खाच वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्योत भडकते. आट्यांच्या स्टोव्हला हा डबा लावायचे जोड मिळतात, पण प्रत्येक जोड म्हणजे गळतीची आणखी एक जागा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहिल्याशिवाय काडी ओढू नये.

आता खरी निवड. डब्याच्या डोक्यावरच बसणारा बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा, मुठीत मावणारा. शिवापूरहून मनोहरगड चढणाऱ्याने डोळे मिटून तो घ्यावा. पण तोच तोंडवळीच्या वाळूत ठेवा: खाली अरुंद डबा, वर बर्नर, त्यावर भाताचं पातेलं. वाळू एका बाजूला खचली की सगळं आडवं. शिवाय दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ज्योत पातेल्याखालून ढकलून देतो आणि गॅस दुप्पट-तिप्पट जातो. अशा वेळी भोवती पत्र्याचा आडोसा करायचा मोह होतो. तो टाळावा. आडोशाच्या आत डबाही तापतो, दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. नळीचा स्टोव्ह इथे कामाला येतो. त्याचे पाय जमिनीलगत पसरलेले असतात आणि डबा हातभर लांब, आडोशाबाहेर राहतो. वजन जास्त, किंमत जास्त, तरी किनाऱ्यासाठी माझं मत त्यालाच. खाली एक फळी टाकावी, म्हणजे पाय रुतत नाहीत आणि वाळू आट्यांत जात नाही.

विकणारे पाणी किती मिनिटांत उकळतं हे सांगतात. आपण उकड्या तांदळाची पेज करणार असू तर आच किती मंद होते हे विचारावं. काही स्टोव्ह एकतर भणाणतात, नाहीतर विझतात. अशावर पेज तळाला धरते आणि वर तांदूळ टणकच राहतो. भांड्याला जोडूनच येणारे उंच स्टोव्ह चहाला उत्तम, पण त्यांच्यावर बांगडा तळायचा तवा कुठे ठेवणार? दुकानात चावी फिरवून पाहावी: ती हळूहळू, बऱ्याच फेऱ्यांत बंद होत असेल तर आच ताब्यात राहते.

गॅसचा हिशेब सोपा आहे. वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम पुरतो. अर्धा तास मंद आचेवरच्या पेजेला आणखी तीसेक धरा. तांदूळ आधी भिजवला तर बरीच बचत होते. २३० ग्रॅमच्या डब्यात दोघांचा शनिवार-रविवार आरामात निघतो.

डबा आणायचा कसा, हा वेगळाच पेच. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही, त्यामुळे चिपीला उतरणाऱ्याचा प्रश्नच मिटला. रेल्वेतही बंदी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार धोकादायक माल बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुडाळ-कणकवलीला रेल्वेने येणाऱ्यांनी फक्त स्टोव्ह आणावा; डबा स्वतःच्या वाहनाने येणाऱ्या मित्राकडे सोपवावा. त्या मित्रालाही सांगावं: मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ५० अंश सहज ओलांडतं, आणि डब्यावर नेमकी तीच मर्यादा छापलेली असते.

सुरूच्या बनात पेटवायचा असेल तर आधी वाळलेल्या काड्या बाजूला करून स्वच्छ वाळू मोकळी करावी. त्या काड्या पटकन पेट घेतात. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे रात्री भरतीरेषेजवळ उजेड करू नये. तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नको, पाऊस आला तरी नको. आग लागेल ती लागेल, पण वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो.

खाऱ्या हवेत ठिणगीचं बटण सर्वांत आधी दगा देतं, म्हणून लायटर सोबत असावा. परतल्यावर स्टोव्हचे पाय आणि बर्नरचा माथा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून ठेवावा. जेटचं भोक केसाएवढं असतं. पंपाच्या स्टोव्हच्या सवयीने त्यात पिन घालू नये, भोक मोठं होऊन ज्योत पिवळी पडते.

उरलेला गॅस जोखायला डबा बादलीतल्या पाण्यात सोडावा: भरलेला खोल बुडतो, रिकामा बराच वर तरंगतो. नवा असतानाची पाण्याची रेघ मार्करने आखून ठेवली की पुढे अंदाज चुकत नाही. रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणावं. उरलासुरला गॅस पूर्ण जाळून संपवून, उघड्यावर, आसपास ज्योत नसताना डब्याला भोक पाडून तो भंगारात द्यावा.