उचल, परत आणि खर्च : खाऱ्या सरोवराच्या पाण्याचा हिशेब

ज्यात भोवतालचे ओढे व नद्या येऊन मिळतात, परंतु ज्यातून एकही प्रवाह बाहेर पडत नाही, अशा जलाशयास बंद सरोवर म्हणतात. आपल्या बुलढाणे जिल्ह्यातील लोणार याच जातीचे. तेथे आलेले पाणी वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात. अमेरिकेच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक हे याच प्रकारचे, पण फार विस्तीर्ण सरोवर होय. त्याच्या पाणलोटाचा कारभार ज्या शब्दांवर चालतो, ते शब्द पाण्याचा हक्क बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला शब्द पातळी. ती समुद्रसपाटीपासून फुटांत मोजतात. सरोवर उथळ असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पुष्कळ तळ उघडा पडतो. पातळी ४,२०० फूट असता विस्तार सुमारे १,७०० चौरस मैल असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ती सुमारे ४,१८८.५ फुटांवर आली. १८४७ पासूनच्या नोंदींत ही सर्वांत खालची पातळी असून, त्या वेळी विस्तार निम्म्याच्या आसपास उरला होता. उघड्या तळाची धूळ वाऱ्याने वस्तीवर येते व तीत आर्सेनिकासारखी विषारी द्रव्ये असतात. पाणी अतिखारट झाल्यास त्यातील सूक्ष्म कोळंबी व तिजवर जगणारे लक्षावधी पक्षी यांसही धोका पोहोचतो.

दुसरे माप एकर-फूट. एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके हे पाणी, म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर.

आता मुख्य शब्दांकडे वळू. बेअर, वेबर व जॉर्डन या नद्या सरोवरास पाणी पुरवितात. त्यांतून कालव्याने जे पाणी काढून घेतले जाते ती उचल. शेतातून वाहून किंवा झिरपून जे पुन्हा नदीस मिळते ते परतीचे पाणी. पिकाने व जमिनीने वाफेच्या रूपाने जे उडविले, तो खर्च. सरोवरास तूट येते ती खर्चाने. नुसत्या उचलीने नव्हे. तेथील मनुष्यकृत खर्चात सर्वांत मोठा वाटा शेतीचा असून, त्यातही लसूणघासादी वैरणपिकांचा अधिक आहे.

हा भेद न कळल्यामुळे कसा घोटाळा होतो, तो समजुतीसाठी घेतलेल्या आकड्यांनी पाहू. एका शेतकऱ्याने १०० एकर-फूट उचलले. ६० पिकाने खर्च केले, ४० नदीस परत गेले. त्याने ठिबक पद्धत घेतली व उचल ७० वर आणली. पिकास तितकेच ६० लागले, तर परतीचे पाणी १० उरते. उचल ३० ने घटली, परंतु सरोवरास एक थेंबही अधिक मिळाला नाही! आणि वाचलेल्या ३० वर त्याने नवी जमीन भिजविली, तर खर्च ९० होऊन सरोवराचेच नुकसान झाले. ठिबकाने ओल्या मातीतून उडणारे पाणी काही अंशी वाचते, हे खरे. परंतु खरी बचत हवी असेल तर खर्चच घटला पाहिजे : कमी पाण्याचे पीक घेणे, काही जमीन पडीत ठेवणे, अथवा वैरणीच्या शेवटच्या कापण्यांस पाणी न देणे.

येथे शेतकऱ्याची अडचणही ध्यानी घ्यावी. तेथील कायद्याप्रमाणे सात वर्षे न वापरलेला पाण्याचा हक्क बुडू शकतो. मग सोडून कोण देईल? यास्तव २०२२ साली कायदा दुरुस्त करण्यात आला व हक्क कायम राखून पाणी काही मुदतीपुरते सरोवरास भाड्याने देण्याची वाट शेतकऱ्यास खुली झाली. पाण्याचा मोबदला व हक्काची हमी या दोन गोष्टींवाचून केवळ उपदेशाने असे काम तडीस जात नाही.

आपल्याकडेही वरच्या शेतातून झिरपलेले पाणी खालच्या गावच्या विहिरीस लागते. म्हणून पाणी वाचविल्याचा हिशेब ऐकताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : उचल किती घटली, परत किती घटले, आणि खर्च किती घटला? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत बचत झाली असे मानू नये.