पत्र डब्लिनला, वॉरंट न्यूयॉर्कचे

एखादे पत्र कोणत्या देशात आहे, हा प्रश्न तुम्हाला पोरकट वाटेल. पण ईमेलच्या बाबतीत याच प्रश्नावरचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

पूर्वी असे नव्हते. १८५२ च्या सुमारास फ्रान्समधून शेजारच्या बाडेन या जर्मन राज्यात तार पाठवायची, तर ती स्ट्रासबुर्गला थांबे. तेथे दोन्ही देशांचे तारबाबू एकत्र बसत. फ्रेंच तारबाबू मजकूर कागदावर उतरवून टेबलापलीकडच्या जर्मन सहकाऱ्याला देई आणि तो भाषांतर करून पुढे धाडी. म्हणजे सरहद्द त्या टेबलावरच होती म्हणा ना! पुढे १८६५ साली पॅरिसला २० राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन करून समान नियम ठरवले.

इंटरनेटच्या वाटेत असे टेबल नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. (निर्वातातील वेगाला काचेच्या सुमारे १.५ या अपवर्तनांकाने भागून पाहा.) न्यूयॉर्क ते डब्लिन हे सुमारे ५,१०० किलोमीटर अंतर तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात तोडतो. केबल काही सरळ रेषेत नसते, तेव्हा थोडा वेळ जास्त धरा.

डिसेंबर २०१३ मध्ये अमली पदार्थांच्या एका तपासात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्ट कंपनीवर वॉरंट काढले. एका ग्राहकाचे ईमेल हवे होते आणि त्यांचा मजकूर आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या सर्व्हरवर होता. कंपनी म्हणाली, अमेरिकेचे वॉरंट आयर्लंडात चालत नाही. सरकार म्हणाले, तुमचा माणूस अमेरिकेत बसून कळ दाबणार, मग झडती अमेरिकेतच झाली! तुम्हीच सांगा, झडती कोठे झाली? कळ दाबली तेथे, की मजकूर साठवला होता तेथे? मला तरी दोन्ही बाजू सारख्याच पटतात.

दोन सरकारांमधील साहाय्य-कराराने मजकूर मागवण्याचा रीतसर मार्ग असतो. पण अमेरिकेकडे आलेल्या अशा विनंत्या पुऱ्या व्हायला सरासरी दहा महिने लागतात, असे त्याच वर्षी अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने नोंदवले. याची झळ आपल्यालाही लागते. समजा, पुण्यातल्या भामट्याने पुण्यातल्याच माणसाला फसवले. तरीही ईमेल अमेरिकी कंपनीकडे असेल, तर त्यातील मजकुरासाठी आपल्या पोलिसांना २००१ साली झालेल्या भारत-अमेरिका कराराची वाट धरावी लागते.

२०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यापूर्वीच, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकेने ‘क्लाउड’ कायदा केला : माहिती जगात कोठेही साठवलेली असो, कंपनीने ती दिलीच पाहिजे. खटला निकामी झाला, पेच मात्र राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात लागू झालेल्या युरोपीय कायद्याचे ४८ वे कलम म्हणते की, परदेशी न्यायालयाचा असा हुकूम आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारावर असेल तरच मानावा. मग कंपनीने कोणाचे ऐकायचे?

अमेरिका व ब्रिटन यांनी आपसात करार करून वाट जवळची केली. तो ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आहे. पण असे दोघादोघांचे करार किती करणार? म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविषयीचा जागतिक करार संमत केला. ४० राष्ट्रांनी अनुसमर्थन दिल्यावर ९० दिवसांनी तो लागू व्हायचा आहे. त्यात ‘गंभीर गुन्हा’ म्हणजे चार वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची तरतूद असलेला गुन्हा, अशी व्याख्या आहे. खरा वाद येथेच आहे. कोणत्या कृत्याला चार वर्षे कैद द्यायची, हे प्रत्येक देश स्वतःच ठरवतो आणि काही देशांत सरकारवर टीका करणेही तेवढ्या शिक्षेला पुरते.