मैल्याची टाकी आणि तिचा ढापा

युनियनच्या माणसाने व्याख्यानाला मैल्याच्या टाकीचा विषय घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु टाकी बांधणारा मालक एक असतो आणि तीत उतरण्याची पाळी येते ती दुसऱ्यावर. त्या दुसऱ्याची बाजू मांडणे हे तर आमचे नेहमीचेच काम.

टाकीत मैल्याचे पाणी संथ झाले की जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. गाळाचा काही अंश जंतू खातात. बाकीचा साठत जातो. "आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही," असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ भेटतात. बहुधा त्यांची टाकी केव्हाच भरून मैला सरळ बाहेर वाहत असतो, नाहीतर टाकीला तळच नसतो!

पाच माणसांच्या घराला ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट एवढी टाकी पुरते. वर फूटभर जागा मोकळी ठेवावी, वायू जाण्यासाठी नळी छपराच्या वर न्यावी. एवढे गवंडी जाणतात. फसगत होते ती बाहेर पडणाऱ्या पाण्यापाशी. ते निवळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जमीन जागोजाग बदलते. मुरमात शोषखड्डा उत्तम चालतो. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी पीत नाही. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांखाली कित्येक ठिकाणी जमिनीतले पाणी आधीच वर आलेले असते. कातळाच्या भेगांतून तर ते न गाळता शेजाऱ्याच्या विहिरीत जाते. म्हणून आधी लहान खड्डा रात्रभर भिजवून सकाळी पाणी किती वेळात मुरते ते पाहावे. शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी दूर हवा. भेगाळ कातळात तेवढेही थोडेच. पाणी मुरतच नसेल तेथे ते खडीच्या थरातून खालून वर चढवणारी गाळणी बांधावी.

आता ढाप्याविषयी. आमच्या स्वतःच्या घरी तो ओसरीच्या फरशीखाली गेला. उपसायची वेळ आली तेव्हा फरशी फोडावी लागली. चूक आमचीच. ढापा उघड्यावर हवा आणि मैला ओढणाऱ्या गाडीची नळी तेथवर पोचली पाहिजे. ती पोचली नाही की कोणीतरी बादली घेऊन माणूस आणतो. टाकीत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठतो. तो फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. वास नाही म्हणून माणूस उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही वर येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणालाही टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे आणि तो घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले.

दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवावी. आम्ही टाकीचा नकाशा विजेच्या मीटरच्या पेटीत चिकटवला आहे; त्यावर प्रत्येक उपशाची तारीख लिहितो.