बोटीच्या इंजिनाचे रिमॅपिंग : ४५ हजार भरण्याआधी

हिमायतनगरहून लिबर्टीच्या चौकातून टँकबंडला पायी जायला आम्हा दोघांना वीस मिनिटे लागतात. पाहुणे आले की हुसेनसागरातल्या बुद्धाला बोटीने नेण्याचे काम आपल्यापैकी प्रत्येकाने केले असेल. तिथे पाणी उडवत जाणाऱ्या स्पीडबोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेले इंजिन दिसते, त्याला आउटबोर्ड म्हणतात. आमचा त्याच्याशी संबंध इतकाच होता. यंदा मार्चमध्ये मालवणहून फोन आला आणि तो वाढला.

सौ.च्या माहेरचा भाचा तिथे पर्यटकांची फायबरची बोट चालवतो. इंजिन ६० अश्वशक्तीचे, कर्ज अजून फिटायचे आहे. कुणी एक जण लॅपटॉप घेऊन येणार, इंजिनाचा संगणक नव्याने बसवून देणार, ताकद १० टक्के वाढेल, पेट्रोल १० टक्के वाचेल, खर्च ४५ हजार. "आतोबा, घालू का पैसे?" असा प्रश्न. आम्ही बी.कॉम., जन्मभर बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासलेले. इंजिन उघडून पाहिलेले नाही. मंडळातल्या दोन अभियंत्यांना पिडले, इंजिनाची पुस्तिका मागवून वाचली. जे कळले ते इथे मांडतो, कारण मोटारीच्या रिमॅपिंगबद्दल आपल्याही घरातली मुले विचारत असतात.

आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एक छोटा संगणक असतो, ईसीयू. (कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात असे बदलायला काही नसते.) त्याच्या आत एक तक्ता असतो. आपल्या ठेवींच्या व्याजदराच्या तक्त्यासारखाच : आडव्या रांगेत मुदत, उभ्या रांगेत रक्कम, जुळते तिथे दर. इथे एका बाजूला मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि जुळत्या चौकटीत दोन गोष्टी : पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची. रिमॅपिंग म्हणजे या चौकटींतले आकडे बदलणे.

यात तथ्य नाही असे नाही. एकाच आकाराचे इंजिन कंपन्या वेगवेगळ्या ताकदीने विकतात. सुझुकीची ४०, ५० आणि ६० अश्वशक्तीची इंजिने ९४१ सीसीची आहेत. मर्क्युरीची ७५, ९० आणि ११५ अश्वशक्तीची इंजिने २.१ लिटरची. अशा मालिकेत खालचे इंजिन घेतले असेल तर वर जायला जागा असू शकते, पण फरक दर वेळी फक्त तक्त्यात असतो असे नाही; हवेची वाट किंवा गिअरही वेगळे असू शकतात. भाच्याचे इंजिन त्याच्या मालिकेतले सर्वांत वरचे निघाले. म्हणजे कंपनीने त्यातून काढायचे ते आधीच काढलेले.

मोटारींच्या जाहिरातींत २०-३० टक्के वाढ सांगतात, ती टर्बो असलेल्या इंजिनांची. तिथे हवेचा दाब वाढवता येतो. या आकाराच्या आउटबोर्डला टर्बो नसतो, त्यामुळे वाढ चार-पाच टक्क्यांच्या आसपास थांबते. समजा दहा टक्के मिळालीच, तरी पाणी वेगाबरोबर फार झपाट्याने अडवते. वेग तीन ते पाच टक्केच वाढेल. २० नॉटची बोट २१ नॉटने जाईल. पर्यटकाला ते कळणारही नाही.

आता पेट्रोल. भाच्याच्या वहीप्रमाणे रोज २० लिटर, हंगामात दीडशे दिवस, म्हणजे ३,००० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर ३,१५,००० रुपये. दहा टक्के वाचले तर साडेएकतीस हजार. ४५ हजार दीड हंगामात वसूल. प्रस्ताव कागदावर सुंदर दिसतो. असे सुंदर प्रस्ताव आम्ही बरेच पाहिले आहेत, आणि अशा वेळी गृहीतक तपासायचे असते. त्याचे इंजिन बराच वेळ मंद चालते : धक्क्यावर, प्रवासी चढताना, डायव्हिंगच्या जागी. मंद आणि मध्यम चालीत कंपनीने पेट्रोल आधीच काटकसरीने सोडलेले असते. दहा टक्के कुठून येणार, हे लॅपटॉपवाल्याला विचारले. उत्तर आले, "सगळ्यांना फरक पडतो." कुठल्या भारावर, किती फेऱ्यांवर, याचा कागद आला नाही.

बचत एकाच मार्गाने काढता येते, मिश्रण पातळ करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडून. पूर्ण भारावर पातळ मिश्रण जास्त गरम जळते, इंजिन ठोकायला लागते आणि पिस्टन जातो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यानेही मिश्रण थोडे पातळच होते. मोटार चढ संपला की विसावते; बोटीचे इंजिन सारखे चढावरच असते. आणि किनाऱ्यापासून दूर ते बंद पडले तर रस्त्याच्या कडेला लावून मेकॅनिकची वाट पाहता येत नाही, तीही दहा प्रवासी घेऊन. इंजिन तापले की संगणक आपण होऊन फेरे कमी करतो. ती मर्यादा काही जण रिमॅपिंगमध्ये काढून टाकतात. हे ऐकल्यावर सौ. म्हणाल्या, "मग विचारायचे काय राहिले?"

बँकवाल्याला अजून राहिलेले होते. इंजिन बँकेकडे तारण आहे; तारणात बदल बँकेला न सांगता करायचा नाही. विम्याच्या करारात महत्त्वाची गोष्ट लपवली तर दावा अडकतो. वॉरंटी जाते. नोंदणीच्या कागदावर इंजिनाची ताकद लिहिलेली असते. मालवणला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड, नदी-तलावांत २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा. ताकद खरोखर वाढली तर कागद खोटा ठरतो, आणि वाढली नाही तर पैसे गेले.

मग भाच्याचे नेमके दुखणे काय होते? "माणसे भरली की बोट उठत नाही." हे ऐकायला आम्हाला तीन फोन लागले! पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० फेरे हवेत असे लिहिले होते. भरल्या बोटीत मोजायला सांगितले, ते ५,००० च्या आत-बाहेर. पंखा रिकाम्या बोटीला साजेसा बसवलेला होता. पंख्याची पिच म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती इंच पुढे सरकेल ते अंतर. एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर होता, तो खरवडला. पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलला. इथेनॉलचे पेट्रोल ओल शोषते आणि टाकीत पाणी साठते. विक्रेत्याकडे कंपनीचे अधिकृत अपडेट आहे का, हेही विचारायला लावले. नव्हते.

१३ च्या जागी ११ पिचचा पंखा, १२ हजार रुपये. चाचणीसाठी आम्ही तीन अटी घातल्या : माणसांऐवजी वाळूच्या गोण्या, भरती-ओहोटीचा फरक जाण्यासाठी जाऊन-येऊन मोजणी, आणि वर्दळीच्या पाण्यापासून लांब. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटून ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि तेराहून अधिक माणसे गेली. चाचणी कुठे घ्यायची, हा प्रश्न लहान नाही.

भरल्या भाराने फेरे ५,४०० वर गेले. रिकाम्या बोटीचा वरचा वेग थोडा उतरला, त्याबद्दल भाचा जरा खट्टू आहे. दिवसाला लिटर-दीड लिटर वाचते असे तो सांगतो. २६ मे पासून जलक्रीडा बंद होतात, त्यामुळे पूर्ण महिन्याचा हिशेब मिळाला नाही. सप्टेंबरला हंगाम उघडला की रोजची फेरी, माणसे आणि लिटर लिहून वहीचे फोटो पाठव, असे सांगितले आहे. लॅपटॉपवाल्याने आता भाव ३० हजारांवर आणला आहे.