गुरगुरणारी गिटार आणि नागपूरचा उन्हाळा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी अनेकदा पत्र्याचा एक लहान डबा दिसतो. त्यावरचा खटका पायाने दाबला, की तारेचा स्वच्छ स्वर गुरगुरू लागतो. हे फझ पेडल. १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने ते बाजारात आले आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यामुळे गाजले. आज त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. मग नव्यात बदलले काय?

आधी गुरगुर कोठून येते ते पाहू. विवर्धकाला झेपणार नाही इतका मोठा संकेत दिला, तर लाटेचे माथे व तळ छाटले जातात. गोलसर लाट चौकोनी होते. अशी लाट म्हणजे अनेक साध्या लाटांची बेरीज असते. समजा, मूळ लाट शुद्ध असून सेकंदाला ११० कंपनांची आहे. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर तिच्यात ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटींतील कंपनांची भर पडते. कमीजास्त छाटल्या तर २२०, ४४० हीसुद्धा येतात. तंबोऱ्याच्या जवारीतही वरच्या स्वरांनाच उठाव मिळतो. तेथे ते काम घोडी करते, येथे ट्रान्झिस्टर.

जुन्या पेडलमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते, सिलिकॉनमध्ये १.१ लागते. म्हणून जर्मेनियममधून नको असलेला प्रवाह सहज झिरपतो आणि दर १० अंश सेल्सिअसला तो साधारण दुप्पट होतो. २५ अंशांना ही गळती ५० मायक्रोअँपिअर असली, तर ४५ अंशांना ती २०० होईल. १९६६ च्या 'फझ फेस' पेडलमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरचा कामाचा प्रवाहच सुमारे २५० मायक्रोअँपिअर असतो! लंडनच्या हवेत गोड वाजणारे पेडल नागपूरच्या मे महिन्यात घोगरे होऊन मध्येच तुटू लागले, तर दोष वादकाच्या बोटांचा नव्हे.

सिलिकॉनमधील गळती हजारो पटींनी कमी असते. त्यामुळे नवी पेडले उन्हाळ्यातही स्थिर राहतात. मात्र सिलिकॉनचा आवाज अधिक कर्कश लागतो; तो मऊ करण्यासाठी एखादा छोटा कपॅसिटर जोडून उंच कंपने दाबतात. काही कारागीर जर्मेनियमच ठेवतात आणि ऋतुमानाप्रमाणे प्रवाह जुळवण्यासाठी एक वेगळी कळ देतात.

वर्गात हे करून पाहता येईल. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोधक, उलटा जोडलेला जर्मेनियम डायोड आणि २०० मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यावर ठेवलेला मल्टिमीटर एकसर जोडा. आकडा टिपा. मग डायोड चिमटीत धरा किंवा उन्हात ठेवा; आकडा चढेल. त्याजागी सिलिकॉन डायोड लावला तर मीटर जवळजवळ शून्यच दाखवील. 'जुने ते सोने' म्हणून जुन्या ट्रान्झिस्टरला चढा भाव देण्यापूर्वी वादकानेही ही गळती मोजून घ्यावी, तीही उन्हाळ्यात.