दूरस्थ मनोचिकित्सा आणि भाषेचा प्रश्न : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

मनोविकारांच्या चिकित्सेत रुग्णाचे बोलणे हे केवळ तक्रार सांगण्याचे साधन नव्हे. तपासणीचा विषयही तेच होय. रक्त प्रयोगशाळेत तपासता येते. मनाची अवस्था मात्र शब्द, स्वर, विराम व मुद्रा यांवरूनच मुख्यत्वे ताडावी लागते. म्हणून चिकित्सक व रुग्ण यांच्यामध्ये दूरध्वनी किंवा चित्रपटल आले असता काय साधते आणि काय निसटते, हा प्रश्न भाषाविज्ञानाचाही ठरतो.

नंदुरबार जिल्ह्यात तो विशेष तीव्र आहे. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवरून जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे दिवसाची मजुरी गमावणे होय. मनोविकारावरील औषध तर महिनोन्महिने घ्यावे लागते. ते मध्येच सुटले की विकार उलटण्याचे भय असते. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. अशा सेवांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

चिकित्सकांची याविषयीची मते सामान्यतः दुहेरी आढळतात. परिचित रुग्णाच्या पुनर्तपासणीस ही पद्धती सोयीची आहे, असे पुष्कळजण मानतात. मात्र पहिली तपासणी, आत्मघाताचा संभव आणि एकाच खोलीच्या घरातील गोपनीयता यांविषयी ते साशंक असतात. या शंकांच्या मुळाशी भाषिक कारणे कोणती, ते पाहू.

पहिले कारण विरामाचे. सामान्य संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. ध्वनी पोचण्यास विलंब लागला की हे अंतर वाढते. विषण्णतेच्या विकारात उत्तरास लागणारा उशीर हे एक लक्षण असल्याने, यंत्राचे मौन व रुग्णाचे मौन यांत गल्लत होऊ शकते.

दुसरे कारण अर्थाचे. ‘जीव नकोसा झाला’ हे मराठी माणूस उकाड्याने त्रासूनही म्हणतो आणि मरणाची इच्छा झाली असतानाही म्हणतो. समोरासमोर मुद्रेवरून जो भेद कळतो, तो दूरध्वनीवर स्पष्ट प्रश्न विचारूनच निश्चित करावा लागतो. तो न विचारणे प्राणावर बेतू शकते.

तिसरे कारण दुभाष्याचे. येथे घरात भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी आणि दवाखान्यात मराठी अशी स्थिती असते. सुनेचे म्हणणे सासूने सांगितले, तर ‘मला मरावेसे वाटते’ याचे ‘हिला त्रास होतो’ असे रूपांतर होणे अशक्य नाही. शिवाय दुभाष्या रुग्णाचे तुटक, असंबद्ध बोलणे नकळत सुसंगत करून सांगतो. आणि काही विकारांत ती असंबद्धताच निदानाचा आधार असते. जे पाहावयाचे, तेच अशा वेळी झाकले जाते.

यावरून दूरस्थ चिकित्सा त्याज्य ठरते असे नव्हे. जेथे चिकित्सक पोचतच नाही, तेथे तिची तुलना प्रत्यक्ष भेटीशी न करता उपचाराच्या अभावाशीच केली पाहिजे. मात्र तिचे यश यंत्रापेक्षा रुग्णाशेजारी बसणाऱ्या व्यक्तीवर अधिक अवलंबून आहे. ‘ई-संजीवनी’च्या साहाय्यित पद्धतीत आरोग्य केंद्रावरील अधिकारी रुग्णाजवळ असतो. त्याला रुग्णाची बोली यावी, रुग्णाचे शब्द प्रथमपुरुषातच व न सुधारता सांगण्याची सवय असावी, आणि कुटुंबियांना काही काळ बाहेर बसविण्याचा अधिकार असावा.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात भिली व खानदेशी बोलींचे व्याकरण आणि नमुने नोंदविले गेले. आज त्याच बोलींत भय, निद्रानाश, नैराश्य व मरणेच्छा कोणत्या शब्दांनी व्यक्त होतात, याचा कोश चिकित्सकांच्या सहकार्याने सिद्ध करणे हे आपल्यासारख्या विभागांचे कर्तव्य होय.