जाहिरातदारांची आत्मवंचना

जाहिरात ही लोकांना भुलविण्याची कला आहे, असा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. ग्राहकाच्या बाजूने हा आक्षेप पुष्कळदा मांडला गेला असून त्यात तथ्यही आहे. परंतु जाहिरातीच्या भुलीला सर्वांत आधी बळी पडतो तो खुद्द जाहिरातदार, या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवर जाहिरातीचा जो प्रचंड व्यवसाय उभा राहिला, त्याने तर या आत्मवंचनेला शास्त्राचा मुलामा दिला आहे. कारण या व्यवसायाने जाहिरातदाराच्या हाती आकडे दिले; आणि आकडा हाती आला की शंका घेण्याची गरज उरली नाही, असे माणसाला वाटू लागते.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरात झळकली. इंटरनेटवरील चित्रपट्टीच्या जाहिरातींचा तो आरंभ मानला जातो. त्यापूर्वी वृत्तपत्रात अथवा रस्त्यावरील फलकावर जाहिरात देणाऱ्याला ती किती जणांनी वाचली आणि वाचून किती जण दुकानात आले, हे समजण्याची सोय नव्हती. जाहिरातीवरचा निम्मा पैसा वाया जातो, पण तो निम्मा कोणता हे कळत नाही, ही व्यापाऱ्यांची जुनी तक्रार होती. नव्या माध्यमाने ही तक्रार कायमची दूर करण्याचे आश्वासन दिले. किती जणांसमोर जाहिरात आली, किती जणांनी ती उघडली आणि त्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, याचा हिशेब तासातासाला मिळू लागला. हे आश्वासन सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. परंतु मोजता येणे आणि कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर विसरले गेले की आत्मवंचनेला प्रारंभ होतो.

कोंबडे आणि तांबडे

या आत्मवंचनेचा पहिला प्रकार श्रेयाविषयीचा आहे. एखादी गोष्ट दुसरीच्या पाठोपाठ घडली म्हणजे ती तिच्यामुळेच घडली, असे मानण्याकडे मनुष्याच्या बुद्धीचा ओढा असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो ते या ओढ्याला आवर घालण्यासाठीच. इंटरनेटवरील जाहिरातदाराला हा आवर घालणे फार कठीण जाते. जाहिरात उघडणारा मनुष्य आणि खरेदी करणारा मनुष्य एकच आहे, हे त्याला हिशेबात स्पष्ट दिसत असते. तो मनुष्य जाहिरात नसती तरीही आला असता काय, हा प्रश्न मात्र हिशेबात कोठेच नसतो.

हा प्रश्न विचारून पाहण्याचे काम अमेरिकेतील ‘ईबे’ या कंपनीतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये केले. शोधयंत्रावर कोणी ‘ईबे’ हे नाव टाकले की सर्वांत वर कंपनीची जाहिरात दिसे, आणि तिच्यावर बोट ठेवले जाताच कंपनीला पैसे मोजावे लागत. वास्तविक ज्याने कंपनीचे नावच लिहिले त्याला कोठे जायचे हे अगोदर ठाऊक होते. काही शोधयंत्रांवरील या जाहिराती बंद करण्यात आल्या, तेव्हा त्यांद्वारे येणाऱ्या लोकांपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या फुकट दुव्यावरून कंपनीकडे आलेच. पुढे इतर शब्दांवरील जाहिरातीही अमेरिकेच्या काही भागांत बंद ठेवून उर्वरित भागांशी तुलना केली गेली. तेव्हा असे आढळले की, प्रत्येक शंभर डॉलरच्या खर्चामागे कंपनीला सरासरी सुमारे ६३ डॉलरचा तोटाच होत होता. रूढ पद्धतीचा हिशेब याच खर्चावर कित्येक पटींचा नफा दाखवीत होता. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ईबेने प्रत्यक्षात कोंबडे झाकून पाहिले आणि तांबडे फुटले. अन्य काही मोठ्या कंपन्यांनाही असाच अनुभव आला. ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ने २०१७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत इंटरनेटवरील जाहिरातींत दहा कोटी डॉलरहून अधिक कपात केली आणि तिचा विक्रीवर विपरीत परिणाम झाला नाही, असे कंपनीनेच जाहीर केले. त्याच वर्षी ‘जेपी मॉर्गन चेस’ या बँकेने आपल्या जाहिराती सुमारे चार लाख संकेतस्थळांऐवजी अवघ्या पाच हजारांवर दाखविण्यास सुरुवात केली, तेव्हाही परिणामात फारसा फरक दिसला नाही.

याचा अर्थ जाहिरात निरुपयोगी असते असा नव्हे. ईबेच्याच प्रयोगात असेही आढळले की, ज्यांनी कंपनीकडून पूर्वी कधी खरेदी केली नव्हती किंवा क्वचितच केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम होत होता. ज्याला माहीत नाही त्याला माहिती देणे हे जाहिरातीचे मूळ काम आहे आणि ते काम ती करीत होती. परंतु बहुतेक खर्च नित्याच्या ग्राहकांवर होत होता. आलेल्याला आणल्याचे श्रेय घेणे, हेच या व्यवसायातील मोठ्या उलाढालीचे स्वरूप असावे अशी शंका त्यावरून येते. बूट विकत घेऊन घरी आलेल्या मनुष्याच्या फोनवर पुढे आठवडाभर बुटांच्याच जाहिराती येत राहतात, हा अनुभव आता सर्वांच्या परिचयाचा आहे.

संख्येचे मोल

दुसरी आत्मवंचना संख्येच्या मोहातून उत्पन्न होते. आपल्याला किती अनुयायी आहेत, किती जणांनी पसंती दर्शविली, किती जणांनी चित्रफीत पाहिली, हे आकडे मिळविणे सोपे असल्यामुळे तेच यशाचे माप ठरले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक सूत्र मांडले होते. एखाद्या मोजमापाच्या आधारे नियंत्रण करू लागले की ते मोजमापच भरवशाचे राहत नाही, असा त्याचा आशय होता. जाहिरातीच्या क्षेत्रात त्याचा पडताळा वारंवार आला आहे. अनुयायांच्या संख्येला मोल आल्याबरोबर बनावट अनुयायी पुरविणारे व्यापारी निर्माण झाले. अमेरिकेतील ‘देवुमी’ या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये याच कारणासाठी कारवाई केली. तिच्या ग्राहकांत अभिनेते, खेळाडू आणि लेखकच नव्हे, तर वकिली संस्थांचे भागीदारही होते.

ज्यांच्याकडे मोजणी सोपविली आहे त्यांचे आकडे तरी निर्दोष असतात काय? चित्रफिती सरासरी किती वेळ पाहिल्या जातात याचा आकडा आपण सुमारे दोन वर्षे फुगवून देत होतो, अशी कबुली फेसबुकला सप्टेंबर २०१६ मध्ये द्यावी लागली. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ थांबलेले प्रेक्षक सरासरीतून वगळले गेल्यामुळे ही चूक झाली होती. या प्रकरणी जाहिरातदारांनी भरलेला दावा २०१९ मध्ये चार कोटी डॉलरवर मिटला. यात नवल वाटण्यासारखे आहे ते जाहिरातदारांच्या विश्वासाचे. मालही दुकानदाराचा आणि तराजूही दुकानदाराचा असताना वजनाविषयी निःशंक राहणारा व्यापारी बाजारात शहाणा समजला जात नाही. परंतु येथे तराजू दिसायला अद्ययावत असल्यामुळे तो कोणाचा आहे हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

न दिसणारी माणसे

तिसरी आत्मवंचना यशकथांची आहे. घरबसल्या लाखो रुपये कसे मिळवावेत, हे शिकविणाऱ्या अभ्यासक्रमांचे सध्या पेव फुटले आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत यशस्वी झालेल्या शिष्यांचे हसरे चेहरे असतात. फ्रान्सिस बेकन याने १६२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक जुनी गोष्ट सांगितली आहे. जहाज फुटूनही नवसामुळे वाचलेल्यांची चित्रे एका मनुष्याला देवळात दाखविण्यात आली आणि आता तरी देवाचे सामर्थ्य मान्य आहे ना, असे विचारण्यात आले. त्यावर त्याने, नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत, असा उलट प्रश्न केला. बुडालेला मनुष्य नवस फेडायला येत नाही. त्याचप्रमाणे शुल्क भरून, जाहिरातीवर साठविलेला पैसा घालवून मुकाट्याने दुकान बंद करणारा मनुष्य कोणत्याही यशकथेत दिसत नाही. मात्र नव्याने उतरणारा प्रत्येक जण त्या चित्रांत आपला चेहरा आधीच पाहत असतो.

चौथा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण त्यात स्वतःला फसविता फसविता दुसऱ्यालाही फसविले जाते. ‘केवळ दोन नग शिल्लक’ अशी खोटी निकड निर्माण करणे, ग्राहकाच्या टोपलीत त्याने न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणे, सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे दुष्कर करून ठेवणे, या युक्त्या निरुपद्रवी असून सर्वच जण त्या करतात, अशी विक्रेते स्वतःची समजूत घालतात. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे तेरा प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली आहे. अमेरिकेत ग्राहकांना त्यांच्या स्पष्ट संमतीविना सदस्य करून घेतल्याच्या आणि सदस्यत्व रद्द करणे अवघड केल्याच्या आरोपावरून ‘ॲमेझॉन’ने सप्टेंबर २०२५ मध्ये अडीचशे कोटी डॉलर देऊन फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. अशा युक्तीने आज विक्री वाढली हे हिशेबात दिसते. तिला विटून जो ग्राहक पुन्हा कधीच फिरकणार नाही, त्याचा रकाना हिशेबात नसतो.

या चारही प्रकारांतील समान सूत्र येथेच सापडते. जे दिसते ते मोजले जाते आणि जे मोजले जाते तेच खरे मानले जाते. जाहिरातीविनाही आला असता तो ग्राहक, पाहिल्यासारखे करून पुढे गेलेला प्रेक्षक, बुडालेला व्यापारी आणि रागावून निघून गेलेला गिऱ्हाईक ही सारी न दिसणारी माणसे आहेत. व्यवसायाचे खरे चित्र त्यांच्यावाचून पुरे होत नाही. परंतु त्यांची चौकशी करण्यात कोणाचाच स्वार्थ नसतो. जाहिरात संस्थेचे शुल्क पुष्कळदा खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, अधिकाऱ्याचे महत्त्व त्याच्या हातातील रकमेवर अवलंबून असते, आणि जागा विकणाऱ्या कंपनीला तर खर्च वाढलेलाच हवा असतो. मालकालाही आपण इतकी वर्षे पैसा वाया घालविला हे ऐकणे रुचत नाही. अशा रीतीने सर्वांच्या संमतीने ही आत्मवंचना चालू राहते.

झाकून पाहण्याचे धैर्य

मोठ्या कंपन्यांना ती परवडते. प्रश्न आहे तो लहान माणसाचा. कोकणातला आंबा बागायतदार, पैठणी विणणारा विणकर किंवा लोणची-पापड करणारा महिलांचा बचत गट यांना इंटरनेटमुळे दूरच्या ग्राहकापर्यंत थेट पोहोचण्याची संधी प्रथमच मिळाली आहे आणि ती मोलाची आहे. परंतु बागायतदाराने अक्षय्य तृतीयेच्या आधी जाहिरात सुरू केली आणि मागणी वाढली, तर ती जाहिरातीमुळे वाढली की हंगामामुळे, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढल्या वर्षी तो दुप्पट रक्कम घालतो. दलालाच्या तावडीतून सुटण्यासाठी ज्याने हा मार्ग धरला, त्याच्या पदरी न दिसणारा दुसरा दलाल येतो, आणि हा दलाल माल उचलण्यापूर्वीच आपले पैसे घेतो.

यावर उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. जाहिरात काही दिवस पुण्यात चालू व नाशकात बंद ठेवावी, नंतर उलट करून पाहावे आणि मागणीतील फरक गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडावा. प्रत्येक नव्या ग्राहकाला, आमचे नाव कोठून कळले, एवढे विचारावे. किती जणांनी जाहिरात पाहिली यापेक्षा किती जण दुसऱ्यांदा आले याची नोंद ठेवावी. अशा प्रयोगांनी सर्व शंका फिटतील असे मात्र नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी अमेरिकेतील पंचवीस मोठ्या जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. लाखो लोकांवर प्रयोग करूनही जाहिरातीतून नफा झाला की तोटा, हे खात्रीने सांगणे अत्यंत कठीण असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोठ्यांची ही स्थिती असेल तर लहान व्यापाऱ्याने कर्ज काढून जाहिरात करण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे, एवढा बोध तरी त्यातून निश्चित घेता येईल.

अज्ञान ही लाजिरवाणी गोष्ट नाही. व्यापारात ते नेहमीच होते आणि जुन्या व्यापाऱ्याला त्याची जाणीव असल्यामुळे तो हात राखून खर्च करी. नव्या साधनांनी अज्ञान फारसे कमी केलेले नाही. त्याची जाणीव मात्र कमी केली आहे. कोंबड्याला आपल्या आरवण्यानेच उजाडते असे वाटत असेल तर त्यात कोणाचे नुकसान नाही. परंतु त्या कोंबड्याच्या दाण्यासाठी घरातले धान्य विकावे लागत असेल, तर एखाद्या पहाटे त्याला झाकून पाहण्याचे धैर्य घरधन्याने दाखविलेच पाहिजे.